मनोराज्य आणि उणीव : स्वप्नरंजनाच्या नैतिकतेविषयी

१

मराठी समीक्षेत ‘स्वप्नरंजन’ हा शब्द दीर्घकाळ निकालपत्रासारखा वापरला गेला आहे. एखादी कादंबरी स्वप्नरंजनपर आहे असे एकदा म्हटले, की तिच्याविषयी आणखी काही बोलण्याची गरज उरत नाही असा अलिखित संकेत आपल्याकडे रूढ आहे. ना. सी. फडके यांच्या प्रणयप्रधान कादंबऱ्यांपासून फिरत्या वाचनालयांतून हातोहात झिजलेल्या अनामिक पुस्तकांपर्यंत सर्वांना हा एकच शिक्का पुरला. त्याच्या मुळाशी असलेली धारणा साधी आहे : असे लेखन वाचकाला वास्तवापासून दूर नेते, म्हणजेच पलायनाला साहाय्य करते. ‘पलायन’ हा शब्द आला की त्याच्यासोबत नैतिक दोषारोपही न सांगता येतो, कारण पळणारा भित्रा असतो हे आपण गृहीतच धरलेले असते. परंतु कोण कशापासून पळत आहे, आणि ज्यापासून तो पळतो आहे ते टाकून जाण्याच्याच योग्यतेचे तर नव्हते ना, हा प्रश्न या निकालप्रक्रियेत सहसा विचारला जात नाही.

हा प्रश्न मला प्रथम ग्रंथांतून पडला नाही. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) हे नाटक शिकवीत होतो. विदर्भातल्या देशपांड्यांच्या ढासळत्या वाड्यातली रंजू चित्रपटांच्या नादाने वेडावलेली असते आणि शेवटी घरातले वडिलोपार्जित सोने घेऊन शिकवणीच्या मास्तरासोबत मुंबईला पळून जाते. रंजूचा उल्लेख आला की वर्गात थोडे हसू फुटते. तसे ते त्याही दिवशी फुटले. मी नेहमीप्रमाणे स्वप्नरंजन, चंगळवादी संस्कृतीचा खेड्यातला शिरकाव वगैरे शब्द वापरून पुढे सरकणार, तोच मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग तिने स्वप्न बघायचं तरी कशाचं? त्या वाड्यात तिला दुसरं काय दिसत होतं?”

त्या दिवशी मी काहीतरी उत्तर दिले. ते समाधानकारक नव्हते, हे मला ठाऊक होते आणि बहुधा तिलाही. प्रस्तुत निबंध हा त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. मन जागेपणी स्वप्ने का पाहते, आणि त्या स्वप्नांतून प्रकट होणारी अतृप्ती कोणाविषयी काय सांगते — स्वप्न पाहणाऱ्याविषयी, की तो ज्या जगात राहतो त्या जगाविषयी — हा त्याचा विषय आहे.

२

आपल्या परंपरेत जागृतीतल्या स्वप्नासाठी ‘मनोराज्य’ असा अत्यंत अर्थगर्भ शब्द आहे. स्वप्नरंजन या शब्दात रंजन आहे. मनोराज्यात राज्य आहे, म्हणजे सत्ता आहे. मनोराज्य करणारा केवळ सुखावत नाही. तो राज्य करतो. ज्या जगात त्याची आज्ञा चालत नाही त्याच्या जागी तो आज्ञाधारक जग उभे करतो. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

मनोराज्याची आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध कथा ‘पंचतंत्रा’च्या पाचव्या तंत्रात आहे. भिक्षेत मिळालेल्या सातूच्या पिठाने एका ब्राह्मणाचे मडके भरते. ते खुंटीला टांगून, त्याखाली खाट टाकून, मडक्यावर नजर लावून तो पडून राहतो. पीठ विकून शेळ्या, शेळ्यांतून गाई, गाईंतून म्हशी, म्हशींतून घोड्या, मग सोने, घर, रूपवती पत्नी आणि सोमशर्मा नावाचा पुत्र अशी त्याची संपत्ती वाढत जाते. पत्नी मुलाकडे लक्ष देत नाही म्हणून तो तिला लाथ मारतो. लाथ मडक्याला बसते आणि स्वप्नासह पीठही अंगावर सांडते.

ही कथा आपण लहानपणापासून अनागत गोष्टींच्या चिंतनाचे तोटे शिकण्यासाठी वाचतो. मडके फुटल्याचे आपल्याला हसू येते. परंतु कथेतल्या दोन तपशिलांकडे आपले दुर्लक्ष होते. पहिला असा, की त्या ब्राह्मणाच्या संपत्तीचा प्रारंभ दुष्काळापासून होतो. दुष्काळ पडला तर या पिठाचे शंभर रुपये येतील असा त्याचा हिशेब आहे. स्वतः भिक्षेवर जगणारा हा मनुष्य आपल्या भाग्योदयासाठी इतरांची उपासमार गृहीत धरतो, आणि त्यात त्याला काहीही वावगे वाटत नाही. दुसरा तपशील लाथेचा. जी पत्नी अद्याप अस्तित्वातही आलेली नाही ती त्याच्या मनोराज्यात दोषी ठरते आणि शिक्षाही भोगते. मडके फुटले नसते तरी या मनोराज्यात काहीतरी आधीच फुटलेले होते. मडके फुटणे हा व्यवहारातला तोटा आहे. दुष्काळ आणि लाथ ही नैतिक घटना आहे. आपण पहिल्याला हसतो आणि दुसरीकडे पाहत नाही. मनोराज्याची चिकित्सा आपण फार काळ चुकीच्या टोकाकडून करत आलो आहोत, असे मला या कथेवरून वाटते.

वेदान्ताने ही चिकित्सा अधिक सूक्ष्मपणे केली. चौदाव्या शतकातील विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’त, द्वैतविवेक या प्रकरणात, ईश्वराने निर्मिलेले जग आणि जीवाने त्यावर रचलेले जग असा भेद केला आहे. मनुष्याला बांधते ते दुसरे. या जीवनिर्मित द्वैताचा जो अशास्त्रीय भाग, त्याचे पुन्हा दोन प्रकार सांगितले आहेत : काम, क्रोध इत्यादी विकार हे तीव्र, आणि मनोराज्य हे मंद. परंतु मंद म्हणून ते क्षम्य ठरत नाही. सर्व दोषांचे बीज त्यात असल्यामुळे तेही त्याज्यच मानले आहे. विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम आणि कामातून क्रोध अशी जी शृंखला गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितली आहे, तिचाच आधार येथे घेतला आहे. सोमशर्म्याच्या बापाची लाथ या शृंखलेत अगदी चपखल बसते. मनात रचलेल्या पुत्राविषयीची आसक्ती क्षणार्धात क्रोधापर्यंत पोहोचते.

हे निदान मार्मिक आहे, यात शंका नाही. तथापि ते एका विशिष्ट अधिकाऱ्यासाठी, मोक्षार्थी साधकासाठी, केलेले आहे. ज्याने जगाकडून काही मिळवायचे नाही असे स्वतःच ठरवले आहे, त्याच्या मनातली इच्छा ही केवळ बाधा असते. ज्याला जगाने अद्याप काही दिलेलेच नाही, त्याच्या मनातल्या इच्छेला हेच निदान लागू करता येईल काय? संन्याशाचे औषध उपाशी माणसाला द्यावे काय? पुढील सर्व चर्चा या प्रश्नाभोवती फिरते.

३

आधुनिक काळात या विषयाची चर्चा साहित्याच्या अंगाने प्रथम ठामपणे मांडली ती फ्रॉइडने. १९०७ साली व्हिएन्नात दिलेल्या आणि १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात त्याने कवी आणि दिवास्वप्न यांचा संबंध जोडला. मूल खेळते, मोठे झाल्यावर त्याला खेळता येत नाही, म्हणून ते कल्पनाजाल विणू लागते. मूल आपला खेळ लपवत नाही, प्रौढ मात्र आपल्या दिवास्वप्नांची लाज बाळगतो. फ्रॉइडच्या मते तृप्त मनुष्य दिवास्वप्ने पाहत नाही. पाहतो तो अतृप्त. प्रत्येक दिवास्वप्न वर्तमानातल्या एखाद्या निमित्ताने जागे होते, भूतकाळातल्या एखाद्या तृप्तीचा आधार घेते आणि भविष्यात त्या तृप्तीचे चित्र रंगवते. लेखक हेच करतो. फक्त तो आपला अहंकार सौम्य करून मांडतो आणि रूपाच्या आनंदाचे आमिष दाखवून आपल्याला आपलीच दिवास्वप्ने निर्लज्जपणे भोगू देतो.

या उपपत्तीने विसाव्या शतकाच्या समीक्षेवर खोल ठसा उमटवला. तिच्यातील एक बाब मात्र बरेचदा नजरेआड होते. फ्रॉइडने आपल्या विवेचनासाठी श्रेष्ठ मानले गेलेले लेखक मुद्दामच बाजूला ठेवले होते आणि ज्यांना भरपूर वाचकवर्ग आहे अशा साध्या कथा-कादंबरीकारांवर आपला सिद्धान्त उभा केला होता. म्हणजे जे दिवास्वप्नासारखे दिसते ते निवडून त्याने ते दिवास्वप्न असल्याचे सिद्ध केले.

परंतु माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. अतृप्ती आधी आणि दिवास्वप्न नंतर हा क्रम फ्रॉइडने निर्विवाद मानला. तो तसा आहे काय? मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनिएल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. २,२५० प्रौढांना दिवसातल्या अनियमित वेळी फोनवर विचारण्यात आले, की या क्षणी तुम्ही काय करत आहात, मन त्याच कामात आहे की अन्यत्र, आणि तुम्हाला कसे वाटते आहे. मिळालेल्या नोंदींपैकी ४६.९ टक्के नोंदींत मन अन्यत्र होते. जेव्हा ते अन्यत्र होते तेव्हा माणसे तुलनेने कमी सुखी होती; सुखद गोष्टींकडे मन भटकले असतानाही ती हातातल्या कामात रमलेल्यांपेक्षा अधिक सुखी नव्हती. नोंदींचा काळानुक्रम तपासता भटकणे हे असुखाचे कार्य असण्यापेक्षा कारण असावे, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. ‘पंचदशी’कारांना या निष्कर्षाचे आश्चर्य वाटले नसते.

या निष्कर्षाचा अर्थ जपून लावला पाहिजे. एका क्षणातल्या सुखाची नोंद करता येते. आयुष्याच्या अर्थाची नोंद अशा प्रश्नावलीत येत नाही. कमी सुख म्हणजे कमी मूल्य असेही नव्हे. तरीही त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. अतृप्ती आणि दिवास्वप्न यांचे नाते एकेरी नाही. दिवास्वप्नही अतृप्ती निर्माण करते. मग प्रश्न असा, की ज्या अतृप्तीतून स्वप्न जन्मते आणि जी अतृप्ती स्वप्नातून जन्मते, त्या दोन्ही एकच आहेत काय?

४

या दोन अतृप्ती वेगळ्या आहेत, असे माझे प्रतिपादन आहे. त्यांतला भेद फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’ (१८५७) इतका स्वच्छ क्वचितच कोठे दिसतो.

एमाच्या मनोराज्याचा कच्चा माल मठशाळेत चोरून वाचलेल्या कादंबऱ्यांतून आलेला आहे. पुढे एका उमरावाच्या हवेलीतल्या नृत्यरात्रीने त्याला दृश्य रूप दिले. ती पॅरिसचा नकाशा विकत आणते आणि बोटाने त्याच्या रस्त्यांवरून फिरते. ज्या शहरात ती गेलेली नाही त्या शहराची तिला ओढ आहे. म्हणजे ती ओढ शहराची नसून शब्दांची आहे. पतंजलीने चित्तवृत्तींत विकल्प नावाची वृत्ती सांगितली आहे. ती शब्दाच्या ज्ञानामागून येते आणि तिच्यामागे वस्तू नसते. एमाचे पॅरिस हा अशा विकल्पाचा नमुना आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकांना हे अस्वस्थ करणारे वाटले पाहिजे, कारण हा रोग आपल्याच दुकानातल्या मालाने होतो.

परंतु एमाच्या मनोराज्याचा विषय उसना असला तरी तिची उणीव उसनी नाही. लहान गावातले आयुष्य, संवाद अशक्य असलेला नवरा, स्त्री म्हणून करण्यासारखे काहीही नसणे, दिवसामागून दिवस तसेच जाणे — हे सर्व तिचे स्वतःचे आहे, आणि खरे आहे. कादंबरीतली शोकांतिका अशी, की या खऱ्या उणिवेला एमाला स्वतःची भाषा कधीच सापडत नाही. तिच्यापाशी फक्त कादंबऱ्यांची भाषा आहे. परिणामी उणीव खरी आणि मागणी खोटी अशी विचित्र विषमता निर्माण होते. जी मागणी मुळातच उणिवेशी जुळत नाही ती पुरी झाली तरी उणीव भरत नाही. म्हणून दर तृप्तीनंतर नवी अतृप्ती जन्मते. एकामागून एक प्रियकर, व्यापाऱ्याकडचे कर्ज, आणि शेवटी सोमल. स्वप्नातून जन्मणारी अतृप्ती ती हीच.

फ्लोबेरने या मनोराज्याचा हिशेब चुकवलेला नाही. एके दिवशी एमाची लहान मुलगी बेर्त तिच्या पदराशी घुटमळते. एमा तिला कोपराने ढकलते. मूल कपाटावर आपटते आणि त्याचा गाल कापतो. मला हा प्रसंग वाचताना दरवेळी पंचतंत्रातली लाथ आठवते. दोन संस्कृती, दोन वाङ्मयप्रकार आणि मध्ये शतकांचे अंतर. पण दोन्हीकडे मनोराज्यात गुंतलेल्या माणसाचा हात किंवा पाय जवळच्या माणसाला लागतो. ब्राह्मणाची लाथ काल्पनिक पत्नीला बसली म्हणून आपण हसू शकतो. बेर्तचा गाल खरा आहे.

यावरून मनोराज्याचे दोन घटक वेगळे करता येतात. एक त्याचा विषय, म्हणजे मन काय मागते. दुसरी त्यातली उणीव, म्हणजे मन कशामुळे मागते. विषय बहुधा बाहेरून येतो. बाजार, वाङ्मय, चित्रपट, शेजारी यांच्याकडून तो उचललेला असतो. उणीव मात्र त्या माणसाच्या जगण्यातून आलेली असते. आपली समीक्षा विषय पाहते आणि हसते. रंजूच्या बाबतीत आमच्या वर्गाने तेच केले होते.

५

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. उणीव खरी असते हे कशावरून? मनुष्याला जे आहे ते पुरत नाही हा त्याचा स्वभावच असेल, तर प्रत्येक अतृप्तीला जगाविरुद्धची साक्ष मानणे हा भाबडेपणा ठरेल. संतांनी समाधान शिकवले ते याचसाठी. मिळेल त्यात आनंद मानावा, चित्त शांत ठेवावे, हा उपदेश केवळ दुर्बलांची समजूत घालण्यासाठी केलेला नव्हता.

आक्षेपातले तथ्य मान्य करूनही दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, ज्या तुकोबांचा समाधानाचा उपदेश मराठी माणूस उठल्याबसल्या उद्धृत करतो, त्याच तुकोबांच्या गाथेत तळमळ, रुसवा, भांडण आणि व्याकुळता यांनी भरलेले असंख्य अभंग आहेत. तुकोबांचे समाधान तळमळीच्या पलीकडे पोहोचल्यानंतरचे आहे. तिच्या अलीकडे थांबलेल्याचे नाही. समाधानाचा उपदेश करण्याचा अधिकार तळमळीने मिळतो. दुसरी गोष्ट अधिक लौकिक आहे. नॉर्वेजियन विचारवंत जॉन एल्स्टर याने १९८३ सालच्या आपल्या ग्रंथात, कोल्ह्याच्या आंबट द्राक्षांची कथा आधाराला घेऊन, जे मिळण्याजोगे नाही ते नकोसेच वाटू लागण्याच्या मानसिक प्रक्रियेची चिकित्सा केली. अमर्त्य सेन यांनीही वारंवार दाखवून दिले आहे, की दीर्घकाळ वंचित राहिलेली माणसे आपल्या इच्छाच आखूड करून घेतात. म्हणून त्यांच्या समाधानावरून त्यांच्या स्थितीचे माप काढणे हा अन्याय होईल. सारांश, अतृप्ती जशी खोटी असू शकते तसे समाधानही खोटे असू शकते. आणि खोट्या अतृप्तीपेक्षा खोटे समाधान ओळखणे अधिक कठीण, कारण ते कोणालाच त्रास देत नाही.

‘वाडा चिरेबंदी’कडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. त्या वाड्यात मनोराज्य करणारी एकटी रंजू नाही. रात्री सर्व निजल्यावर वहिनी घराण्याचे सारे दागिने अंगावर चढवते, तो या नाटकातला अविस्मरणीय प्रसंग. त्या घटकेपुरता वाडा पुन्हा चिरेबंदी होतो. आपण त्या प्रसंगाला हसत नाही, आपल्याला गलबलते. कारण वहिनीचे मनोराज्य भूतकाळाचे आहे, कुळाचे आहे, प्रतिष्ठित आहे. रंजूचे मनोराज्य भविष्याचे आहे, पडद्यावरचे आहे, हलके आहे. परंतु दोन्ही मनोराज्ये त्याच एका सोन्यावर उभी आहेत! जे सोने वहिनी एका रात्रीपुरते लेते तेच रंजू घेऊन जाते. एकीला आपण अभिजात म्हणतो आणि दुसरीला उथळ, तेव्हा आपण स्वप्नांची प्रत ठरवतो की स्वप्न पाहणाऱ्यांची पायरी, हे तपासून पाहिले पाहिजे.

आणि या दोघींच्या शेजारी प्रभा आहे. तिला शिकायचे होते. घराच्या इभ्रतीपायी तिचे शिक्षण थांबवले गेले. प्रभाची इच्छा उसनी नव्हती, अवाजवी नव्हती, कोणाला लाथ मारणारी नव्हती. ती पुरी झाली नाही आणि तिचा कडवटपणा झाला. रंजू त्याच घरात वाढली. योग्य इच्छा धरणाऱ्या मुलीचे या घरात काय होते, हे तिच्या डोळ्यांसमोर होते. तेव्हा रंजूने चित्रपटाचे स्वप्न का पाहिले या प्रश्नाचा अर्धा भाग, प्रभाचे स्वप्न कोणी मोडले या प्रश्नात आहे. ज्या घरात खऱ्या इच्छांना वाट नसते तेथे उसन्या इच्छा खिडकीतून आत येतात.

६

एवढ्यावर थांबलो तर मनोराज्य ही केवळ तक्रार ठरेल. त्याला याहून अधिक काही करता येते काय? या संदर्भात आपल्याच भाषेतला एक मोठा साठा विचारात घेण्याजोगा आहे : जात्यावरच्या ओव्या. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. पहाटेच्या अंधारात, शरीर एका लयीत गुंतलेले असताना, मन मोकळे होते. जात्यावर बसलेल्या बाईचे मन तासन्‌तास अन्यत्र असे. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांच्या नोंदीत ती ‘भटकलेली’ ठरली असती.

हे मन कोठे जाते? प्रामुख्याने माहेरी. परंतु ओवीतले माहेर आणि खरे माहेर यांत अंतर असते. ओवीतला भाऊ श्रीमंत आहे, तो घोड्यावरून येतो, चोळी-लुगडे आणतो, बहिणीला विसरत नाही. खऱ्या माहेरी दारिद्र्य असते, भावजय असते, विसर असतो. आणि पुष्कळ ओव्यांत हेही येते. म्हणजे ओवी गाणारीला अंतराचे भान असते. एमाचे मनोराज्य आणि हे मनोराज्य यांत तीन भेद दिसतात. पहिला, येथे लाज नाही. फ्रॉइडचा प्रौढ जे लपवतो ते ही स्त्री मोठ्याने गाते, आणि जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेली तिला साथ देते. दुसरा, येथे इतर माणसे केवळ सेवेसाठी नाहीत. भाऊ, आई, शेजारीण, सीता, पंढरीचा विठू यांना त्यांचे-त्यांचे सुखदुःख आहे. तिसरा, येथे विषय बाहेरून येऊनही सामाईक भाषेत मुरलेला आहे; त्यामुळे उणिवेला बोलता येते. सीतेचा वनवास गाताना ती स्वतःचा वनवास गाते आणि ते तिला माहीत असते.

अर्थात या ओव्यांनी सासर बदलले नाही. त्यांचे उदात्तीकरण करताना हे विसरू नये. दळण संपले की दिवस पूर्वीसारखाच सुरू होई. तथापि ज्या व्यवस्थेत तिने समाधानी असणे हेच तिचे कर्तव्य मानले होते, तेथे तिने असमाधान पिढ्यान्‌पिढ्या जतन केले. हे काम लहान नाही. मोडता न येणाऱ्या गोष्टीला निदान योग्य न म्हणणे, हीसुद्धा नैतिक कृती आहे.

जर्मन विचारवंत अर्न्स्ट ब्लॉख याने अमेरिकेतल्या विजनवासात लिहिलेल्या आणि १९५४ ते १९५९ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या आशाविषयक महाग्रंथात फ्रॉइडचा नेमका याच मुद्द्यावर प्रतिवाद केला. त्याच्या मते दिवास्वप्न ही निद्रास्वप्नाची पहिली पायरी नव्हे. त्यात ‘मी’ जागा असतो, ते दुसऱ्यांना सांगता येते, आणि स्वतःपुरते न राहता जग सुधारण्यापर्यंत त्याची मजल जाऊ शकते. त्यात अद्याप न झालेल्या गोष्टीची पहिली जाणीव असते. ब्लॉखचे प्रतिपादन मला अंशतः पटते. ते दिवास्वप्नाच्या शक्यतेचे वर्णन आहे. प्रत्येक दिवास्वप्नाचे नव्हे. सातूच्या मडक्याखाली पडलेला ब्राह्मणही भविष्याकडेच पाहत होता.

७

मग भेद कसा करावा? आतापर्यंतच्या विवेचनातून दोन कसोट्या हाती येतात. पहिली, या मनोराज्यात इतरांचे स्थान काय? त्यांना नकार देता येतो काय, की ती केवळ राज्यातली प्रजा आहेत? दुसरी, त्यात उणिवेचे भान टिकते की विषयाच्या चमकेत ती उणीव विसरली जाते? या कसोट्यांत भव्यता, अभिरुची किंवा शक्याशक्यता यांना स्थान नाही. चित्रपटाचे स्वप्न त्यांना उतरू शकते आणि राष्ट्रोद्धाराचे स्वप्न नापास होऊ शकते. दुष्काळाच्या हिशेबावर उभी असलेली राष्ट्रोद्धाराची स्वप्ने विसाव्या शतकाने पुरेशी पाहिली आहेत.

या दोन कसोट्यांपलीकडे एक तिसरी शक्यता आहे. तिचा निर्देश पु. शि. रेगे यांच्या ‘सावित्री’ (१९६२) या पत्ररूप कादंबरीत मिळतो. तीतली लच्छी आणि मोर यांची गोष्ट मराठी वाचकांना परिचित आहे. आपल्याला जे हवे ते आपणच व्हावे, असा तिचा आशय. येथे इच्छा दाबलेली नाही आणि जगाकडे मागितलेलीही नाही. ती स्वतःच्या घडणीचे काम बनली आहे. मनोराज्यातले राज्य येथे गळून पडते आणि मन उरते. हा मार्ग मला अत्यंत सुंदर वाटतो, आणि म्हणूनच त्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. मोर होण्यासाठी नाचायला अंगण लागते. प्रभाला ते मिळाले नव्हते. ज्याला अंगण आहे त्याने ‘आपणच व्हावे’ हे स्वतःला सांगावे. ज्याला ते नाही त्याला ते सांगू नये.

अतृप्ती कोणाविषयी सांगते, या प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता असे देता येईल : मनोराज्याचा विषय आपण कोणाकडून बोलायला शिकलो ते सांगतो, आणि त्यातली उणीव आपल्याला काय बोलू दिले गेले नाही ते सांगते. पहिल्यासाठी स्वप्न पाहणाऱ्याने स्वतःला तपासावे, दुसऱ्यासाठी भोवतालच्यांनी. समीक्षकाचे काम या दोन्ही लिप्या एकाच वेळी वाचण्याचे आहे. स्वप्नरंजनपर वाङ्मयाकडेही आपण याच रीतीने वळले पाहिजे. ते चांगले की वाईट हे त्यानंतरही ठरवता येईल, आणि पुष्कळदा ते वाईटच ठरेल. परंतु लाखो वाचकांनी ते का वाचले या प्रश्नाला ‘त्यांना अभिरुची नव्हती’ हे उत्तर पुरणार नाही.

त्या विद्यार्थिनीला आज मी एवढेच म्हणेन : रंजूने कशाचे स्वप्न पाहायला हवे होते हे मला सांगता येणार नाही, आणि ते सांगण्याचा मला अधिकारही नाही. तिने घरातले सोने नेले. त्याची जबाबदारी तिची आहे, ती मी तिच्यावरून काढून घेणार नाही. पण त्या वाड्यात सोन्याखेरीज नेण्यासारखे तिच्यासाठी कोणी काहीच ठेवले नव्हते, ही जबाबदारी तिची नाही. वर्गात आपण हसलो तेव्हा या दुसऱ्या जबाबदारीवरून आपली नजर हटली होती.